रकाना चौदा

प्राध्यापकपदाचा अर्ज भरतेय.
तेरा रकाने झाले.
पदव्या, तारखा, शोधनिबंध बावीस,
त्यातले पहिलं नाव माझं असलेले नऊ,
विद्यार्थी पीएच.डी. झालेले दोन,
एक मध्येच बँकेत लागला.
चौदाव्यात विचारलंय, इतर काही?
शंभर शब्दांत.

बाहेर मे. अक्कलकोट रोडवर त्रेचाळीस.
पेशींची पेटी सदतीस अंशांवर ठेवायची असते.
जगात सगळीकडे ती गरम करतात,
आम्ही एसी लावून थंड ठेवतो.
एका रविवारी लाइट गेली,
जनरेटरची चावी शिपायाच्या खिशात
आणि शिपाई बार्शीला, मेव्हण्याच्या लग्नात.
सोमवारी सात महिने
तळाशी पांढरे होऊन पडले होते.
हे कुठल्या रकान्यात बसतं?

अम्मा विड्या वळायची.
कारखान्यात चेकर त्यातल्या मूठभर बाजूला फेकायचा,
छाट.
कारण विचारायचं नाही.
माझा पहिला निबंध परत आला
तेव्हा परीक्षकाची दीड पानं
मी तिला फोनवर वाचून दाखवली,
आधी मराठीत, मग घरच्या तेलुगूत.
म्हणाली, छाट काढली म्हण की.
आज पान नीट भिजव, उद्या वळ.

नायना यंत्रमागावर जॉबर.
ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर
एक पातळ लोखंडी पत्ती लटकते.
धागा तुटला की पत्ती पडते,
पत्ती पडली की माग थांबतो.
पुढे पुण्यात सर फळ्यावर शिकवत होते
की आतला धागा तुटला तर शहाणी पेशी
सांधेपर्यंत पुढे जात नाही,
तेव्हा साठ मुलांत
वंगणाचा वास एकट्या मलाच आला.

कर्क म्हणजे पत्ती न पडणारा माग.
तुटक्या धाग्यांनिशी विणत राहतो,
दिवसपाळी, रात्रपाळी, हप्त्याची सुट्टी नाही,
आणि किनार आलेली त्याला कळत नाही.
माझ्या प्रबंधाची एकशे ऐंशी पानं
एवढंच म्हणतात.
नायनांना सांगितलं तर म्हणाले,
कचरा अडकला असंल पत्तीत. फुंकर मारायची.
अठरा वर्षं
मी ती फुंकर शोधतेय.

नरसव्वा, विडी घरकुलात आमच्या भिंतीला भिंत.
एका संध्याकाळी येऊन उंबऱ्यातच बसली.
तिखट लागत नाही म्हणाली, नुसती आग होते.
तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत.
तिच्या एकच गेलं.
तू डाक्टर हायस नव्हं?
आहे, पण ती नाही.
हे वाक्य मला
तिन्ही भाषांत नीट म्हणता येत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी तिनं कागदावर अंगठा दिला.
गालाचा हरभऱ्याएवढा तुकडा
बर्फाच्या डब्यात, डबा पायांमध्ये,
स्कूटरवरून साखर पेठेतून आणला मी.
गतिरोधकाला जपून.
वहीत नाव लिहायचं नसतं.
लिहिलं, सात.

नरसव्वा ऑक्टोबरात गेली.
सात वाढते आहे.
बासष्ट वेळा भांडं बदललं तिचं,
दोन निबंध झाले तिच्यावर,
एका परिषदेत, हॅम्बुर्गला, पडदाभर हिरवी चमकली ती,
आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवल्या, सवयीनं.
आभारात अर्धी ओळ आहे,
दात्यांचे ऋण.
तिचा मुलगा भेटतो कन्ना चौकात.
टॉवेलच्या गठ्ठ्यावरून हात करतो.
तुझी आई माझ्याकडे आहे, असं
कसं सांगतात माणसाला?

मंगळवार आणि शुक्रवार, पेशींना खाऊ घालायचं.
गुलाबी पाणी काढायचं, ताजं घालायचं.
आफरीन नवीन आहे, हात स्थिर आहे तिचा.
मॅडम, तुम्ही काहीतरी बोलता, म्हणाली ती काल,
सातचं झाकण लावताना. दर वेळी.
काय बोलते?
तिन्नवा, असं काहीतरी.

जेवलीस का, असं विचारतात आमच्यात.
भिंतीपलीकडून विचारायची ती, मी कॉलेजातून आले की.

रकाना चौदा रिकामा ठेवते.
सही, तारीख, ठिकाण.
ठिकाण मात्र
जरा ठळक लिहिते.